मायच्या नावाची बारा ताटं

कुणाच्याही घरी जेवायला बसले की वाढायच्या आधी मी ताट उलटं करून बघते. लोकांना वाटतं, म्हातारी चिकित्सक आहे, खरकटं राहिलंय का ते तपासते. माझी सून तर चारचौघांत सांगते, "आईंना स्वच्छतेचं भारी वेड." सांगू दे बापडी. मी ताटाच्या पाठीवर नाव शोधत असते. हल्ली कुणी भांड्यांवर नावं घालत नाही, पण आमच्या वेळी भांडं घरात आलं की पहिलं काम तेच. बाजारात भांडेवाल्याच्या दुकानाबाहेर नाव घालणारा बसायचा, टकटक करत ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं उमटवायचा. लग्नकार्याला चाळीस घरची भांडी एकत्र झाली तरी संध्याकाळी ज्याचं त्याच्या घरी जायचं. आमच्या घरच्या बारा स्टीलच्या ताटांवर मायचं नाव होतं, 'सौ. सखूबाई'. आडनाव घालायला जास्तीचे पैसे पडत होते म्हणून ते राहिलं. त्या ताटांच्या जिवावर मी कॉलेज शिकले. म्हणजे लोकांना वाटतं तसं विकून-बिकून नाही. कसं, ते आता सांगते. पोरं-नातवंडं वाचतील म्हणून इतकी वर्षं टाळलं होतं. वाचू देत मेली.

आमची वस्ती नंदुरबारला रेल्वेच्या रुळांपलीकडे, मिरचीच्या पथाऱ्यांना लागून. ज्यानं पथारी पाहिली नाही त्याला सांगते, उघड्या माळावर नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत पसरायची आणि बायकांनी त्या मिरचीत बसून देठ खुडायचे. फोटोला फार छान. आता तर पोरं ड्रोन उडवतात, 'लाल गालिचा' म्हणून मोबाइलवर टाकतात. त्या गालिच्यावर बसणाऱ्या बाईला संध्याकाळी लेकराचं नाक पुसता यायचं नाही, इतकी हाताला आग असायची. माय गोडं तेल चोळायची, राख चोळायची, एकदा तर रॉकेलसुद्धा चोळून पाहिलं. तिच्या हातची भाकरी कोरडी खाल्ली तरी तिखट लागायची. पूर्ण हंगामभर वस्तीत खोकला आणि शिंका. कुणी मेलं तरी रडणारा कोण आणि शिंकणारा कोण, हे कळायचं नाही. दादा, म्हणजे माझे वडील, मार्केटात हमाल होते. दिवसभर पोती उचलायचे आणि घरी येऊन गप्प बसायचे. या गोष्टीत त्यांचं काही काम नाही, तेव्हाही नव्हतं.

ताटं मायनं एकेक करून जमवली होती. पथारीवरचं काम कमी झालं की ती शहरातल्या मोठ्या घरांमधून पापड लाटायला जायची, तिथून जुने कपडे मिळायचे. ते आम्ही अंगावर घालावेत म्हणून दिलेले असायचे, पण माय ते बोहारणीला द्यायची आणि ताट घ्यायची. मी शाळेत फाटक्या झग्यानं गेले, पण मांडणीवर बारा ताटं आरशासारखी उभी. रोज ती पुसायची, पण त्यांत जेवत कुणी नव्हतं. आम्ही जेवायचो जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, वाकड्या थाळ्यांमध्ये. "तुन्हा लगीनमा काढसू," असं म्हणायची. वस्तीत दुसऱ्या कुणाकडे एका मापाची बारा ताटं नव्हती आणि मायला हे दिवसातून दोनदा आठवायचं.

शेजारच्या खोलीत इंदूमावशी आणि तिची लेक वंदना राहायच्या. मावशी कोरीट गावची. नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढलं, तशी पोरीला कडेवर घेऊन नंदुरबारला आली आणि पथारीवर बसली ती बसलीच. घरात एक खाट, दोन पातेली, दोन कप आणि एक काशाचं ताट. ते ताट तिच्या आईनं लग्नात दिलेलं, तेवढंच दिरांच्या हातून सुटलेलं. वंदी माझ्याच वर्गात. ती पहिली आणि मी, सुनंदा, दुसरी, चौथीपासून बारावीपर्यंत हा नेम कधी मोडला नाही. पुस्तकांचा एक संच दोघींत. गणित मला ती शिकवायची. मिरचीच्या पोत्यावर खडूनं आकडे मांडून, डोक्यात टपली मारून शिकवायची. "सुने, तुन्हा डोकामा काय भुसा शे का?" असं म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायची. तिनं शिकवलं म्हणून मी दुसरी तरी यायचे. मला ती आवडायची आणि तिचा मला भयंकर राग यायचा. दोन्ही खरं आहे.

तर मिरचीचे एक मोठे व्यापारी होते. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण स्वतः शेठ नंदुरबारातच जन्मले-वाढले. त्यांनी आपल्या आईच्या नावानं एक निधी काढला होता. पथारीवर काम करणाऱ्या बायकांच्या मुलींपैकी दरसाल एकीला धुळ्याला कॉलेजात पाठवायचं. फी, पुस्तकं, होस्टेल, पदवी होईपर्यंत सगळं त्यांचं. वस्तीतून एकच मुलगी. आधी मार्क बघायचे, मग घर बघायचं. घर बघून ती मुलगी गरजू वाटली नाही तर खालच्या नंबरच्या मुलीचा विचार. जिला मिळालं ती धुळ्याला जायची, उरलेल्या पथारीवर. मधलं काही नव्हतं. बारावीचा निकाल लागला, वंदी माझ्यापेक्षा बरीच पुढे. त्या संध्याकाळी मायनं मला आरशासमोर उभं केलं, माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "आते हाऊ हात बी लाल व्हई."  मी ओट्यावर जाऊन भडभडून रडले.

त्याच्या आधीच्या आठवड्यात मी मायबरोबर शेठच्या घरी पापड लाटायला गेले होते. मागच्या ओसरीवर आम्ही दोघी पोळपाट घेऊन बसलेल्या आणि मधल्या दारात मुनीमजी नि शेठाणी बोलत उभे. शेठाणीला सगळे भाभीजी म्हणायचे. भाभीजी मनानं वाईट नव्हती. उरलेलं वरण आम्हाला गरम करून द्यायची. मुनीमजी गेल्या वर्षीच्या एका घराचं सांगत होते, "भिंतीला घड्याळ होतं. स्टीलची थाळी, वाट्या, एकसारखा सेट. चहासोबत बिस्किट. पाहुण्याला बिस्किट देतात आणि पोरीला फी देता येत नाही? भाभीजी, हे लोक आपल्याला बावळट समजतात. मी नाव काटलं." भाभीजी म्हणाली, "बरोबर केलंत. खरी गरीब कुठली ते बघूनच कळतं." आम्ही लाटत राहिलो. मायचं लाटणं क्षणभर थांबलं, मग चालू झालं. 

घर बघायला येणार त्याच्या आदल्या सकाळी इंदूमावशी आमच्या दारात आली. माय पाण्याला गेलेली. मावशीचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता, लेकीला बघायला सोयरे येणार असावेत तसा. "सुने, चार कप दे व माय," ती म्हणाली. "शेठनी बाई ई ऱ्हायनी मन्हा घर. मन्हापान दोनच कप, त्यामा एकना कान तुटेल शे. कसामा चहा दिऊ?"

आता इथं थांबून सांगते, कारण हे लिहायला बसले ते याच क्षणासाठी. आमच्याकडे घरी माणूस आलं आणि त्याला धड भांड्यात दिलं नाही, तर ती मरेपर्यंतची नामुष्की. इंदूमावशीला कुणी सांगितलं असतं, की बाई, ते तुझं दारिद्र्य बघायला येताहेत, तर तिला ते समजलंही नसतं. मोठी माणसं येतात ती पाहुणी म्हणून येतात, एवढंच तिला ठाऊक. मला मात्र सगळं ठाऊक होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, "मावशी, काही मांडू नको. आहे तसं राहू दे." सात-आठ शब्द. मी म्हणाले, "चार कपसवर काय व्हस मावशी? ताटं बी लई जाय. जेवाले बसाडशी तर कशामा वाढशी?"

"ताटं?" मावशी दचकली. "तुन्ही माय बोली ना."

"बोलत नही. लई जाय. बाराच्या बारा लई जाय, मांडेल बरं दिसस."

"बारा कसाले व? दोन माणसं शेत."

"ऱ्हाऊ दे ना मावशी. आपली वंदीनं काम शे."

आपली वंदी म्हणाले मी. मावशीनं माझ्या गालावरून हात फिरवला, त्या हाताची आग मला कानापर्यंत जाणवली. दोन खेपा करून मी स्वतः ताटं पोचवली, तिच्या मांडणीवर एकापुढे एक उभी केली. वंदी घरात नव्हती, मार्कशीटची सत्यप्रत काढायला गेली होती. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या आजींकडून खुर्ची आणायचंही मीच सुचवलं. पोळ्या करायचंही मीच. मावशीची खापरावरची, म्हणजे मातीच्या पालथ्या भांड्यावर भाजलेली, पुरणपोळी म्हणजे वस्तीत नाव होतं. हातावर फिरवत फिरवत एवढी मोठी करायची की कोपरापर्यंत लोंबायची आणि तरी कुठे फाटायची नाही. गूळ-डाळ तिनं कुठून आणली देव जाणे.

माय पाणी घेऊन आली. रिकामी मांडणी बघितली. हंडा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसते.  ती सरळ भिंतीकडे गेली, खुंटीवरचं घड्याळ काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "हाई बी दी ये. मोठा लोके शेत, घडीघडी टाइम देखतस." माझी माय. निरक्षर बाई. पण वाचायचं ते तिनं बरोबर वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाभीजी आणि मुनीमजी आले. मी मदतीला म्हणून मावशीकडेच होते. मावशीनं पहाटेपासून खापर तापवलेलं, खोलीत वेलची आणि तुपाचा वास, कढत रशीचा, म्हणजे पोळीबरोबरच्या तिखट आमटीचा वास. ती धुतलेल्या लुगड्यात उभी, कपाळावर घामाच्या रेघा. भाभीजी खुर्चीवर टेकली. समोर ताट आलं, घडी घातलेली पोळी, तुपाची वाटी. भाभीजीनं हात जोडले, "आज माझं व्रत आहे हो." मुनीमजींनी पोटावर हात ठेवला, "जेवून निघालो." पाणीसुद्धा त्यांनी बाटलीत आपलं आणलं होतं. खाल्लं कुणी काही नाही, पण डोळ्यांनी सगळं चाटूनपुसून खाल्लं. घड्याळ, खुर्ची, मांडणी. मुनीमजींनी मांडणीकडे बोट केलं, "छान आहेत भांडी. तुमचीच ना?"

 मावशीनं माझ्याकडे बघितलं. पाहुण्यापुढे 'उसनी आणली' म्हणायचं म्हणजे नाक कापून द्यायचं, आणि तेही जिची ताटं तिच्या समोर. "हां जी," ती म्हणाली, "आमनीच शेत." वंदी दाराला टेकून उभी होती. तिनं आईकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. ती बोलली असती तर भर पाहुण्यांत आईला खोटं पाडलं असतं. बोलू शकत होते ती मी एकटी. 'ताटं आमची आहेत' एवढंच हसत म्हटलं असतं तरी पुरे होतं. एक ताट उलटं केलं असतं तरी चाललं असतं, पाठीवर ठिपक्यांनी लिहिलेलंच होतं. मी हात मागे बांधून उभी राहिले आणि भिंतीवरच्या आमच्या घड्याळाची टिकटिक ऐकत राहिले.

मग ते आमच्या घरी आले. मायनं बसायला गोणपाट टाकलं. रिकाम्या मांडणीवर एक वाकडी थाळी आणि तळ काळा झालेला तांब्या. चहाचं विचारलंही नाही. पथारीवरून आणलेले लाल हात तिनं मांडीवर उताणे ठेवले आणि ती तशीच बसून राहिली. भाभीजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरी गरिबी याला म्हणतात," ती मुनीमजींना हळूच म्हणाली, पण एवढ्याशा खोलीत हळू काय आणि मोठ्यानं काय. जाताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी वाकून पाया पडले. हो, पाया पडले.

दुसऱ्याच दिवशी मुनीमजी वस्तीत येऊन सांगून गेले, वंदनाच्या घरची स्थिती बरी आहे, गरज सुनंदाला जास्त आहे. इंदूमावशी ओट्यावर उभी होती. ती काय म्हणाली असेल? "बराबर शे साहेब." मोठ्या माणसाला उलट कसं बोलायचं! संध्याकाळी ताटं परत घेऊन आली. राखेनं घासून अशी लखलखीत केलेली की मायनंही कधी केली नव्हती. वरच्या ताटात फडक्याखाली पुरणाचा गोळा. मी म्हटलं, हे कशाला? "रिकामं भांडं कसं दिऊ व माय?" ती म्हणाली. मग जायला वळली आणि पुन्हा थांबली. "सुने, तू तठेच व्हती. पुरन जराक गोड कमी पडनं का व? बाईनी हात बी लावा नही."

मी म्हटलं, "माहीत नही मावशी."

ते पुरण मी खाल्लं. बोटांनी, ताट निपटून. गोड अगदी बरोबर होतं.

मायनं ताटं मोजली. अकरा भरली. पुन्हा मोजली, अकराच. शहाण्या बाईनं अशा वेळी गप्प बसावं की नाही? पण मनात पाप असलं की माणसाला भांडायला फार जोर चढतो, हे मी पुढे आयुष्यभर स्वतःतही पाहिलं. दुसऱ्या दिवशी नळावर, सगळ्या बायकांसमोर माय ओरडली, "बारा दिधात नि अकरा ऊनात! बारावं कोठे गयं? पुरनसंगे गिळी लिधं का?" मावशी शपथा घालत होती. घरातलं किडूकमिडूक बाहेर काढून दाखवत होती, खाट उलटी केली, चुलीतली राख चाळली. वंदी उंबऱ्यावर बसून सगळं बघत होती. महिनाभर गल्लीत मावशीला ताटचोर म्हणत होते. शेवटी ती आपलं काशाचं ताट घेऊन आली आणि आमच्या उंबऱ्याच्या आत ठेवून गेली. त्याची किंमत आमच्या बाराही ताटांपेक्षा जास्त असेल. मायनं ते घेतलं. मोडीत घातलं आणि मला होस्टेलला न्यायला पत्र्याची पेटी आणली. त्या पेटीवर बसून मी धुळ्याला गेले.

वंदी दोन महिन्यांनी सुरतेला गेली, साड्यांना टिकल्या चिकटवायला. तिकडेच तिचं लग्न झालं, पुढे मावशीलाही तिनं तिकडेच नेलं. मी बी.ए. केलं, बी.एड. केलं, तळोद्याला शिक्षिका झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. वर्गातल्या पोरींना मी गणित शिकवायचे तेव्हा मधूनच टपली मारायचे आणि माझीच मला चीड यायची. सत्काराच्या भाषणांत लोक सांगतात, मिरची खुडणाऱ्या आईची मुलगी जिद्दीनं शिकली. मी मान हलवते.

आता माझं वय झालं म्हणून मला अशाच एका मदतनिधीच्या समितीवर घेतलंय. नंदुरबारातल्या वस्त्यांमधल्या मुलींना कॉलेजची फी द्यायची. हल्ली घराचे फोटो मोबाइलवरून पाठवावे लागतात, चारी भिंतींचे, आणि स्वयंपाकघराचा वेगळा. वस्त्या शहाण्या झाल्यात. परवा एका घरी गेले तर भिंतीवर टीव्हीच्या आकाराचा पांढरा चौकोन, टीव्ही शेजाऱ्यांकडे लपवलेला. सोबतचा तरुण कार्यकर्ता मला खुणावत होता, बघा कसे लबाड आहेत. मी त्याला म्हटलं, "मुकाट्यानं मंजूर लिही." त्याला वाटतं, म्हातारी हळवी आहे. बैठकीत मी तीनदा सांगून पाहिलं की पोरीचे मार्क बघा, मांडणी कशाला बघता? ते म्हणतात, मॅडम, देणगीदारांना फोटो लागतात. मग फोटो काढतो आम्ही.

गेल्या वर्षी भाच्याच्या साखरपुड्याला सुरतेला गेले. वंदीचा पत्ता माझ्याकडे वीस वर्षं होता, गेले कधी नव्हते. त्या दिवशी का गेले, मला नीट सांगता येणार नाही. मनात होतं, बोलून टाकावं, एकदाचं. दार तिनंच उघडलं. केस पांढरे, चष्मा जाड, टिकल्यांच्या कामानं डोळे गेलेले. मला बघून ना हसली ना दचकली. "ऊनी का? बठ. हात धू," म्हणाली. इंदूमावशी जाऊन सहा वर्षं झाली होती, ते मला तिथं कळलं. उशिरा झालेली लेक औषधशास्त्र शिकते, शेवटच्या वर्षाला आहे, तेही कळलं. मी विचारलं, फीला कुठली मदत-बिदत मिळाली का? "फी मी भरी," ती म्हणाली. "कोनाले घर दखाडं नही."

घरात त्या दिवशी पुरणपोळीचाच बेत होता. तिनं समोर ताट ठेवलं. मी सवयीनं उलटं केलं. 'सौ. सखूबाई'. ठिपके झिजले होते, पण होते.  वंदी परातीतून मान वर न करता म्हणाली, "सापडनं का नाव?"

"वंदे, हाई..."

"तुन्हंच शे. मिरचीना पोतामा दपाडेल व्हतं मी. मायले बठ्ठी गल्ली चोर म्हने, तरी काढं नही. माय मरी गई, तधळ बी नही." ती पोळी हातावर फिरवत होती, तिच्या आईसारखी, कोपरापर्यंत. "त्या सांजले ताटं मीच धुयात. उलटं करं नि नाव दखं. बाराना बारावर तुन्ही मायनं नाव. मन्ही मायनी कप मांगात, चार. तू बारा ताटं दिधात. गणितमा तू कच्ची व्हती सुने, पण मी नव्हती."

मी ताट तसंच उलटं धरून बसले.  ती पुढे म्हणाली, "मन्ही पोर रोज येच ताटमा जेवस. तिले सांगेल शे, कोनी मांगं त्यानापेक्षा जास्ती दिधं, तर पहिले इचार, कसाले दिधं."

"मग माले कसाले वाढी ऱ्हायनी?" मी कसंबसं विचारलं.

"पाहुनी शेस. उपाशी कशी धाडू?"

तिनं ताट सुलटं केलं, पोळी घडी करून वाढली, वर तूप सोडलं आणि समोर बसली. मी घास घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "गोड बराबर शे का?" तिनं विचारलं. "नीट सांग. माय मरस तोपावत हाईच इचारे. डोळा मिटाना आदला रोज बी इचारं, वंदे, त्या रोज पुरन गोड कमी पडनं व्हतं का व? तू ते खायेल व्हतं. सांग."

"बराबर शे," मी म्हटलं. "त्या रोज बी बराबर व्हतं."

"हाई मायले सांगाले पाहिजे व्हतं," वंदी म्हणाली आणि तिनं आणखी एक पोळी वाढली. मी नको म्हणाले नाही.